दोन हजारांचा शाफ्ट आणि खंबाटकीचा चढ

पोस्ट लांबलचक आहे. ज्यांच्याकडे दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी आहे त्यांनी सवडीने वाचा. ज्यांची गाडी नवी कोरी आहे त्यांनीही वाचा, कारण गाडी जुनी व्हायला फार वेळ लागत नाही.

गेल्या मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला लग्नाला निघालो होतो. गाडीत मी, बायको आणि मागच्या सीटवर आई, वय ७८. गाडी २००७ सालची, छोटी, पेट्रोलची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष तिचा नाही आणि पोस्टचा विषय दुसराच आहे. खंडाळा गाव मागे पडलं, खंबाटकीचा चढ सुरू झाला. वळणावर पुढच्या चाकातून टक्-टक्-टक् असा आवाज यायला लागला. हा आवाज ओळखीचा होता. सात महिन्यांपूर्वी हाच आवाज येतो म्हणून पैसे मोजून शाफ्ट बदलला होता. म्हटलं, साताऱ्याला पोचू आणि बघू.

पुढच्या वळणावर ‘खाट्’ असा आवाज झाला. इंजिन जोरात ओरडायला लागलं आणि गाडी जागेवर थांबली. गंमत म्हणजे स्पीडोमीटरचा काटा वीस-पंचवीस दाखवत होता. गाडी उभी आणि काटा धावतोय! मागे ट्रक. मी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरलो. चढावर गाडी गिअरमध्ये ठेवायची, हे आपल्याला ड्रायव्हिंग शिकताना पहिल्या आठवड्यात सांगितलेलं असतं.

गाडी मागे सरकायला लागली.

बायको शेजारच्या सीटवर होती. तिने मधूनच पाय घालून ब्रेक कसा दाबला हे तिलाही आता सांगता येत नाही. मागच्या ट्रकचा क्लीनर उडी मारून उतरला, कडेचा दगड उचलला आणि चाकामागे लावला. चार-पाच फूटच सरकली होती. आई मागून विचारत होती, “काय रे, पोचलो का?”

नंतर मिस्त्रींनी समजावलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गाडी गिअरमध्ये ठेवली की इंजिन चाकांना धरून ठेवतं, पण ते शाफ्टच्या मार्फत. एका बाजूचा शाफ्ट तुटला की मधला डिफरन्शियल सगळी ताकद त्या मोकळ्या टोकाला सोडून देतो. मग दुसऱ्या बाजूचं चाकही मोकळं. गिअर असून नसल्यासारखा. उरला हँडब्रेक, आणि अठरा वर्षांच्या गाडीचा हँडब्रेक कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. मूळ पायातला ब्रेक मात्र शाबूत असतो, म्हणून आज ही पोस्ट लिहितोय.

आता चूक कोणाची ते सांगतो. पहिली चूक माझी.

आधीच्या उन्हाळ्यात सर्व्हिसिंगला गेलो तेव्हाच मिस्त्री म्हणाले होते, “साहेब, डाव्या शाफ्टचा बूट फाटलाय, ग्रीस बाहेर येतंय. आत्ता तीन-चारशेत काम होईल.” मी म्हटलं, पुढच्या वेळी बघू. पुढच्या वेळेपर्यंत पावसाळा गेला. पाणी, माती, खडी सगळं त्या जॉइंटमध्ये गेलं आणि टक्-टक् सुरू झाली. ऑक्टोबरात गेलो तेव्हा मिस्त्रींनी तीन भाव सांगितले. शोरूमचा शाफ्ट ८,४०० रुपये, पण स्टॉकमध्ये नाही, मागवावा लागेल, वीसेक दिवस लागतील. गाड्यांच्या कंपन्यांनाच माल पुरवणाऱ्या एका कारखान्याचा, त्याच्या स्वतःच्या खोक्यातला ४,६००. आणि तिसरा, चकचकीत खोक्यातला, होलोग्रामवाला, १,९५० रुपये. “तिसरा कसा आहे?” मी विचारलं. मिस्त्री प्रामाणिक माणूस. म्हणाले, “चालला तर चालला. मी गॅरंटी देणार नाही.”

मी तिसरा घेतला. कारण? गाडी जुनी आहे, आता हिच्यावर किती खर्च करायचा! हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी उच्चारलेलं आहे.

हिशेब बघा. शाफ्ट १,९५०, मजुरी ७००. घाटातून गाडी उचलून आणायला क्रेन ४,५००. मग पुन्हा ४,६०० चा शाफ्ट आणि ७०० मजुरी. एकूण १२,४५० रुपये. पहिल्यांदाच मधला पर्याय घेतला असता तर ५,३०० मध्ये काम झालं असतं. बूट वेळेत बदलला असता तर चारशेत. लग्न चुकलं ते वेगळं, आणि आईचं ते “पोचलो का?” अजून कानात आहे ते वेगळं.

पण ही पोस्ट माझ्या चिक्कूपणाबद्दल नाही. एवढ्या महत्त्वाच्या वस्तूच्या बाजारात गिऱ्हाइकाला डोळे बांधून का उभं केलं जातं, याबद्दल आहे.

आधी शाफ्ट म्हणजे काय ते थोडक्यात. अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी मागच्या चाकांवर चालायच्या. लांब प्रोपेलर शाफ्ट आणि त्याचे क्रॉस, हे आपल्या वडिलांच्या पिढीला पाठ होतं. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांवर चालणारी गाडी मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली. पुढचं चाक वळतंही, खड्ड्यात वर-खालीही होतं, आणि त्याच वेळी त्याला इंजिनची ताकदही पोचवायची असते. हे काम दोन ड्राइव्ह शाफ्ट करतात. आपले मिस्त्री त्यालाच एक्सल म्हणतात. शाफ्टच्या चाकाकडच्या टोकाला सहा छर्ऱ्यांचा जॉइंट असतो. चाक पूर्ण वळलं तरी झटके न देता एकसारखा वेग पोचवणं हे त्याचं काम. म्हणूनच त्याला सीव्ही, म्हणजे कॉन्स्टंट व्हेलॉसिटी जॉइंट म्हणतात. गिअरबॉक्सकडच्या टोकाला बहुतेक छोट्या गाड्यांत तीन रोलरचा जॉइंट असतो, तो आत-बाहेर सरकतो. दोन्हींवर रबराचा बूट आणि आत खास काळं ग्रीस.

या वस्तूचा सगळा जीव आहे तो पोलादात आणि त्याला दिलेल्या उष्णतेच्या प्रक्रियेत. छर्रे ज्या खोबणीतून फिरतात तिचा पृष्ठभाग कडक हवा, आतला गाभा चिवट हवा. सगळंच कडक केलं तर तडकतं, सगळंच मऊ ठेवलं तर खोबणीत खड्डे पडतात. मोजमाप थोडं सैल झालं तर पहिल्या दिवसापासून खडखड. माझा तुटलेला शाफ्ट मिस्त्रींनी उघडून दाखवला. छर्रे धरून ठेवणारी जाळी, म्हणजे केज, तुटली होती. खोबणीत बोटाला लागतील असे खड्डे, सात महिन्यांत! आणि शेजारी माझा मूळ कंपनीचा शाफ्ट ठेवला, फाटका बूट घेऊन पूर्ण पावसाळा काढलेला. त्याच्या खोबणीवर झिजेचे पट्टे होते, पण जाळी शाबूत होती. सतरा वर्षं चालला होता तो.

दोन्ही वस्तू खोक्यात बंद असताना दुकानाच्या काउंटरवर सारख्याच दिसतात. हाच खरा प्रश्न आहे.

आपल्या बाजारात सुट्या भागांचे ढोबळमानाने चार प्रकार आहेत. पहिला, गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला. दुसरा, जो कारखाना कंपनीला माल पुरवतो त्याच्या स्वतःच्या नावाच्या खोक्यातला. गाडीची कंपनी शाफ्ट सहसा स्वतः बनवत नाही. जगभर जीकेएन, एनटीएन, नेक्स्टीअर अशा मोजक्या कंपन्या ते बनवतात आणि गाड्यांच्या कारखान्यांना देतात. तिसरा प्रकार, स्वतंत्र आफ्टरमार्केट ब्रँड. यात उत्तम माणसं आहेत आणि टाकाऊही आहेत. चौथा, नाव-गाव नसलेला किंवा दुसऱ्याचं नाव चोरलेला माल, म्हणजे डुप्लिकेट.

गंमत अशी की दुकानदार पहिल्या तिन्ही प्रकारांना ‘ओरिजिनल’ म्हणतो आणि चौथ्याला ‘कंपनीचाच, फक्त पॅकिंग वेगळं’. ओरिजिनल या शब्दाला आपल्याकडे काही अर्थच उरलेला नाही.

मग काही जण म्हणतील, सरळ शोरूमला जा ना, कटकट नको. जरूर जा, परवडत असेल आणि भाग मिळत असेल तर. पण शोरूमच्या बाहेर चांगला भाग सहज मिळू नये ही परिस्थिती आपोआप आलेली नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण काय, तर मूळ सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती खुल्या बाजारात आणि बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू न देणं. प्रकरण पुढे अपिलात गेलं, वर्षानुवर्षं चाललं. पण आयोगाने मांडलेला मुद्दा आपल्या कामाचा आहे. गाडी एकदा विकत घेतली की गिऱ्हाईक त्या कंपनीच्या भागांना बांधला जातो, आणि तिथे त्याला पर्याय मिळालाच पाहिजे.

खुल्या बाजारात चांगला माल कमी आणि महाग असला की काय होतं? मधली पोकळी डुप्लिकेटवाला भरून काढतो. माझ्या १,९५० च्या खोक्याचा जन्म तिथे झाला.

दुसरी बाजू सरकारची. माझ्या गाडीचं १५ वर्षांनी, २०२२ मध्ये, पुन्हा रजिस्ट्रेशन केलं. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून जुन्या खासगी मोटारीच्या या कामाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. शिवाय पर्यावरण कर. २०२५ मध्ये आलेल्या दुरुस्तीप्रमाणे २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारीसाठी फी १०,००० रुपये. ठीक आहे, जुनी वाहनं रस्त्यावरून कमी व्हावीत हे धोरण आहे, समजू शकतो. पण त्यामागचं एक कारण ‘जुनं वाहन असुरक्षित’ असं सांगितलं जातं. मग प्रश्न असा की वाहन असुरक्षित कशाने होतं? वयाने की त्यात टाकलेल्या भागांनी? माझी गाडी सतरा वर्षं सुरक्षित होती. ती असुरक्षित झाली एका नव्या भागामुळे. नव्या कोऱ्या, सात महिन्यांच्या!

तपासणीच्या दिवशी माझ्या गाडीचे दिवे बघितले, इंडिकेटर बघितले, हॉर्न वाजवून बघितला, चासी नंबर बघितला. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवून बघायला दोन मिनिटं लागतात. त्यात खराब जॉइंट स्वतःच ओरडून सांगतो. ते कोणी केलं नाही.

हेल्मेटवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. टायरवर आहे. ते योग्यच आहे. मग गाडीची सगळी ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या, घाटात गाडी गिअरवर धरून ठेवणाऱ्या या दांड्याबद्दल गिऱ्हाइकाला एका नजरेत खात्री पटेल अशी खूण का नको?

मला ठाऊक आहे, यावर एक आक्षेप येईल आणि तो चुकीचा नाही. सक्ती आली की खर्च वाढेल, छोटे कारखानदार मरतील, मोठ्या कंपन्यांचं फावेल आणि शेवटी जुनी गाडीवाल्यालाच महाग पडेल. खरं आहे. शिवाय आफ्टरमार्केट हा शत्रू नव्हे. त्याच्यामुळे निवृत्त शिक्षकाची गाडी चालते, भाजीवाल्याचा टेम्पो चालतो, तालुक्याच्या गावातली गॅरेजं चालतात. पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर पट्ट्यात सुटे भाग बनवणारे कितीतरी छोटे उद्योजक आहेत ज्यांचा माल मोठ्या कंपन्यांच्या तोडीचा असतो. डुप्लिकेट मालाने सगळ्यात मोठं नुकसान त्यांचंच होतं. चांगला माल ३,००० ला विकणाऱ्याच्या शेजारी भिकार माल १,९५० ला तशाच खोक्यात बसला, तर गिऱ्हाईक १,९५० चाच उचलणार. मी उचललाच की!

म्हणून माझी मागणी बंदीची नाही, माहितीची आहे. तीन साध्या गोष्टी.

एक, खोक्यावर नव्हे तर शाफ्टच्या धातूवर बनवणाऱ्याची खूण आणि बॅच नंबर कोरलेला असावा. खोका छापायला प्रेस पुरते, आणि होलोग्राम किलोवर मिळतो. माझ्या तुटलेल्या शाफ्टवर एक अक्षर नव्हतं. तक्रार करायची तर कोणाकडे?

दोन, गाडीच्या कंपनीने मॉडेल बंद झालं तरी भागांचे नंबर, मापं आणि कोणत्या वर्षीच्या गाडीला कोणता भाग लागतो ही यादी खुली ठेवावी. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारींचं क्षेत्र आहे. चांगली सुरुवात आहे. पण पोर्टलवर फोन नंबर आणि सर्व्हिस सेंटरची यादी असणं वेगळं, आणि गावाकडच्या मिस्त्रीला २००७ च्या मॉडेलच्या शाफ्टची लांबी आणि दात्यांची संख्या मोबाइलवर सापडणं वेगळं.

तीन, बिल. सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. “बिल घेतलं तर महाग पडेल, साहेब” या वाक्यातला दम त्यामुळे बराच कमी झाला आहे. बिलाशिवाय माल विकणारं दुकान म्हणजे डुप्लिकेट मालाचं दार, ही गोष्ट प्रशासनाने आणि आपण दोघांनीही मनावर घेतली पाहिजे.

आता तुमच्या उपयोगाचं. त्या दिवसानंतर मी मिस्त्रींच्या शेजारी स्टूल टाकून बसलो, चार दुकानं फिरलो, प्रश्न विचारून लोकांना भंडावून सोडलं. त्यातून जे कळलं ते लिहितो.

१) आधी शाफ्टच बदलायचा आहे का ते ठरवा. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. टक्-टक् आली तर चाकाकडचा जॉइंट. सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबला की गाडी थरथरते आणि सोडला की थांबते, तर गिअरबॉक्सकडचा जॉइंट असू शकतो. वेगाबरोबर वाढणारी सलग घूं-घूं बहुधा व्हील बेअरिंगची असते, त्यात शाफ्टचा बळी देऊ नका.

२) बूट फाटलाय पण आवाज नाही, तर शाफ्ट बदलू नका. जॉइंट उघडून, धुऊन, नवं ग्रीस आणि नवा बूट. प्रत्येक सर्व्हिसिंगला चाकाच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे आहेत का, एवढंच बघा. चारशे रुपयांचं काम ते तेव्हाच.

३) नवा शाफ्ट घेताना जुना बरोबर न्या. दोन्ही शेजारी ठेवून लांबी, दोन्ही टोकांच्या दात्यांची संख्या आणि ऑइल सील बसते त्या जागेची जाडी जुळवा. डावा-उजवा वेगळा असतो. एबीएस असेल तर त्याची दातेरी रिंग नव्या शाफ्टवर आहे का आणि दाते तेवढेच आहेत का, ते मोजा. एकाच गाडीच्या दोन वर्षांच्या मॉडेलमध्येही फरक असतो, म्हणून दुकानदाराला गाडीचं नाव सांगून थांबू नका, वर्ष आणि चासी नंबर द्या.

४) हातात घेऊन बघा. चाकाकडचा जॉइंट सगळीकडे सारख्या जोराने फिरला पाहिजे. कुठे अडकणं नको, खडखड नको. आतला जॉइंट आत-बाहेर अलगद सरकला पाहिजे. दात्यांच्या कडा स्वच्छ हव्यात. बुटाचं रबर दाबून बघा, नव्या बुटाच्या घड्यांत बारीक चिरा दिसल्या तर माल कित्येक वर्षं पडून आहे. क्लिपा पत्र्याच्या फाटक्या पट्टीसारख्या असतील तर बाकीच्या मालाचाही अंदाज येतो. नुसत्या चकाकीला भुलू नका, काळा रंग कुणालाही मारता येतो.

५) खोक्यावर बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. आयात माल असेल तर कोणत्या देशाचा ते हवं. हे सगळं वजन-मापे कायद्याच्या पॅकिंगच्या नियमांप्रमाणे बंधनकारक आहे. क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा आणि तो खरंच त्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवर नेतो का ते बघा.

६) कंपनीच्या साइटवर अधिकृत वितरकांची यादी असते. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या नाव राखून असलेली दुकानं आहेत, आणि त्यांच्या दोन घरं पलीकडे कशीही दुकानं आहेत. बाजाराचं नाव पुरत नाही, दुकान बघा.

७) भंगारातला मूळ कंपनीचा शाफ्ट वाईटच असतो असं नाही. अपघातात मागून ठोकलेल्या गाडीचा पुढचा शाफ्ट निनावी नव्यापेक्षा कितीतरी बरा असू शकतो. पण जॉइंट उघडून बघितल्याशिवाय आणि पावतीशिवाय घेऊ नका. ‘रिकंडिशन’ म्हणत असतील तर नेमकं काय बदललं ते विचारा. नुसता रंग आणि नवा बूट म्हणजे रिकंडिशन नव्हे.

८) वॉरंटी विचारा आणि ती बिलावर लिहून घ्या. भाग बदलून देतील, पण मजुरी आणि क्रेनचे पैसे बहुधा देणार नाहीत. माझा खर्च आठवा, सगळ्यात मोठा आकडा कशाचा होता? भागाचाच नव्हता फक्त.

९) बसवणं. चांगल्या शाफ्टचंही वाटोळं इथे होतं. हबचा मोठा नट नवा वापरा आणि तो टॉर्क रेंचने, गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाला आवळायला सांगा. नट पूर्ण आवळल्याशिवाय गाडीचं वजन त्या चाकावर टाकू नका, बेअरिंग जातं. शाफ्ट काढताना गिअर ऑइल सांडतं, ते पुन्हा पातळीपर्यंत भरलं का, हे उभं राहून बघा. सील जुनी असेल तर त्याच वेळी बदला.

१०) जुना भाग परत मागा आणि पोत्यात घालून घरी ठेवा. तोच तुमचा पुरावा.

पुराव्याचं म्हणाल तर, कायदा आपल्या बाजूने आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘प्रॉडक्ट लायबिलिटी’ नावाचं अख्खं प्रकरण आहे. सदोष वस्तूमुळे इजा किंवा नुकसान झालं तर बनवणारा, आणि काही परिस्थितीत विकणाराही, जबाबदार धरता येतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पण या सगळ्याची सुरुवात बिलापासून होते. माझ्याकडे काय होतं? चकचकीत खोका. त्यावर बनवणाऱ्याचं नाव होतं, पत्ता नव्हता. दुकानदार म्हणाला, “आमचाच कशावरून?” आणि त्याचं चुकलं कुठे? मीच बिल घेतलं नव्हतं.

मिस्त्री लोकांबद्दल शेवटचं. भाग खराब निघाला की आपण पहिली शिवी मिस्त्रीला घालतो. काही जण दुकानाकडून कमिशन घेऊन वाटेल तो माल लावतात, हे खरं आहे. पण त्यातल्या बहुतेकांना आपणच तिथे ढकलतो. “अहो, स्वस्तात बसवा ना काहीतरी” हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकत असतील ते! आमच्या मिस्त्रींनी आता गॅरेजात पाटी लावली आहे: ‘बिल नसलेला पार्ट बसवला जाणार नाही.’ पहिल्या महिन्यात काही गिऱ्हाइकं तोडली त्यांनी. मी विचारलं, “परवडतं का?” म्हणाले, “साहेब, तुमची आई गाडीत होती हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. बसवला तर मीच होता ना.”

गॅरंटी देणार नाही असं स्पष्ट सांगितलेल्या माणसाला झोप लागली नाही. ज्याने तो शाफ्ट बनवला त्याचा मात्र पत्ताही कुणाला माहीत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हे उलटं व्हायला हवं.

गाडी अजून चालवतोय. पुढच्या वर्षी पुन्हा रजिस्ट्रेशनची वेळ येईल, फी भरीन, तपासणीला उभा राहीन. या वेळी मीच साहेबांना सांगणार आहे, स्टिअरिंग पूर्ण वळवून एक चक्कर मारून बघा. आणि हो, आता डिकीत लाकडाचा एक ओंडका कायम असतो, चाकामागे लावायला. तुम्हीही ठेवा. घाटात दर वेळी मागे भला क्लीनर असेलच असं नाही.

तुमच्या ओळखीत जुनी गाडी चालवणारं कोणी असेल तर त्यांना ही पोस्ट पाठवा. आणि या रविवारी गाडी धुताना खाली वाकून पुढच्या दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूला एकदा बघा. काळे शिंतोडे दिसले तर सोमवारीच गॅरेज गाठा. चारशे रुपयांत सुटाल.